मंजूर शिष्यवृत्ती, रिकामं खातं: कोल्हापुरातल्या एका नर्सिंग विद्यार्थिनीचं प्रकरण

शाहूवाडी तालुक्यातली मुलगी. प्रवर्ग अनुसूचित जाती. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला. तहसीलदारांच्या दाखल्यावर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजार. २०२४ मध्ये बारावी सायन्स झाली, त्याच वर्षी सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंग सीईटी दिली आणि कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात प्रवेश मिळाला. राहायला कॉलेजचंच वसतिगृह. शिष्यवृत्तीसाठी हिच्याइतकी पात्र मुलगी शोधून सापडायची नाही. तरीही दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजच्या वहीत तिच्या नावावर ४८ हजार थकीत दिसत होते आणि महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या, पोर्टलवर मात्र पैसे दिल्याची नोंद होती. खोटं दोघंही बोलत नव्हते.

हे प्रकरण एकाच मुलीचं नाही. अनेक अर्जांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एका अर्जात गुंफून ते मांडलं आहे, आणि फीचा आकडा हिशोब समजावा म्हणून धरलेला आहे. योजना, अटी आणि दर मात्र जसेच्या तसे आहेत.

तिला काय मिळायला हवं होतं

तिची मुख्य योजना म्हणजे अनुसूचित जातीसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. या शिष्यवृत्तीत दोन गोष्टी येतात: कॉलेजची परत न मिळणारी सक्तीची फी आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा भत्ता. भत्त्यासाठी अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. बी.एस्सी. नर्सिंग दुसऱ्या गटात येतं. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ९,५०० रुपये, घरून ये-जा करणाऱ्याला ६,५००.

खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. कॉलेजनं वर काही मागितलं तरी शिष्यवृत्ती ठरवून दिलेल्या फीइतकीच. आपल्या प्रकरणात ती ८०,००० धरू. म्हणजे वर्षाचे एकूण ८९,५००.

आता खरा मुद्दा. मार्च २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांपासून या रकमेचा ६० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं आणि तो थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात टाकतं. राज्याचा ४० टक्के वाटा आधी निघतो, केंद्राचा त्यानंतर. ८९,५०० चे ६० टक्के होतात ५३,७००. त्यात भत्त्याचा भाग ५,७०० आणि फीचा ४८,०००. हे ४८ हजार विद्यार्थिनीच्या खात्यात आले तरी कॉलेजचेच आहेत, तिनं ते लगेच कॉलेजात भरून पावती घ्यायची असते. घरात कुणी ही फोड समजावून सांगत नाही. रोजंदारीवरच्या घरात एकदम अर्धा लाख जमा झाले की उसनवारीवाले आठवतात, घराचे पत्रे आठवतात. म्हणून अर्ज भरतानाच ही फोड कागदावर लिहून आई-वडिलांना दाखवावी: इतके तुझे, इतके कॉलेजचे.

प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीपात्र मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. व्यवहारात काही कॉलेजं स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेतात की शिष्यवृत्ती आली नाही तर पालक फी भरतील. सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते वाचावं आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी. पुढं 'थकबाकी' हा शब्द निघतो तो याच कागदावरून.

कांबळे की कांबाळे

दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत आडनाव के-ए-एम-बी-एल-ई. आधारवर के-ए-एम-बी-ए-एल-ई, एक 'ए' जास्त. वडिलांचं नाव शाळेत आनंदा, आधारवर आनंदराव. मराठीत वाचताना कुणाला काही वावगं वाटत नाही, पण पोर्टल अक्षरं जुळवून बघतं आणि बँकही तेच करते.

अशा वेळी घाईत जे हाताशी येईल ते दुरुस्त करायला लोक धावतात. मुलीनं जातीच्या दाखल्यावरचं नाव बदलायला प्रांत कार्यालयाकडे अर्ज केला, त्यात दोन महिने गेले आणि हाती काहीच लागलं नाही. क्रम उलटा हवा. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरायचा, कारण तो बदलणं सर्वांत अवघड. आधार त्याला जुळवून घ्यायचं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावर जाताना गुणपत्रिका सोबत न्यावी आणि पावतीवरची स्पेलिंग तिथेच उभं राहून, अक्षर अन् अक्षर, तपासावी. आधार झाल्यावर बँक. बँकेतलं नाव जुनंच राहिलं तर केलेलं काम वाया जातं.

त्याच फेरीत आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघावं. तिच्या आधारला वडिलांचा बंद पडलेला सिम जोडलेला होता, त्यामुळे ओटीपी जायचा तो कुठेच पोहोचत नव्हता.

जात पडताळणी

या भागात तिचं नशीब चांगलं होतं. सख्ख्या चुलत्याकडे वैधता प्रमाणपत्र होतं. रक्ताच्या नात्यातलं वैधता प्रमाणपत्र असलं की काम पुष्कळ हलकं होतं. ज्यांच्या घरात ते नाही, त्यांनी अकरावीतच सुरुवात करावी. बारावीचा निकाल लागल्यावर समितीकडे गर्दी होते आणि राखीव जागेवरचा प्रवेश वैधता प्रमाणपत्राविना अडतो.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर उत्तम. नाहीतर तहसीलमधला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. त्याआधीच्या गावदप्तरातल्या नोंदी अनेकदा मोडी लिपीत असतात. अशी नोंद सापडली की जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यायचं आणि मूळ नक्कल व लिप्यंतर दोन्ही जोडायचं. अर्जासोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, नमुना ३ वर वंशावळीचं शपथपत्र आणि नमुना १७ चं शपथपत्र. वंशावळीतलं एक नाव दाखल्यांशी विसंगत निघालं तरी समिती त्रुटी काढते, म्हणून शपथपत्र टाइप करायला देण्याआधी ती साध्या कागदावर मांडून घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्यावी.

अर्ज: कुठं अडतो

महाडीबीटीचा अर्ज अवघड नाही. नोंदणी, आधार ओटीपी, मग वैयक्तिक माहिती, पत्ता, सध्याचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह आणि शेवटी योजना निवडणं. तिच्या अर्जात तीन ठिकाणी खोळंबा झाला.

पहिला, अभ्यासक्रमाच्या यादीत कॉलेजचं नाव दिसत होतं, पण बी.एस्सी. नर्सिंग दिसत नव्हतं. यात विद्यार्थ्याची चूक नसते. कॉलेजनं त्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि फी आपल्या लॉगिनमधून भरून मंजूर करून घेतलेली नसते. नेटकॅफेत बसून यावर उपाय नाही. कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच महत्त्वाची, कारण बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या उशिरापर्यंत चालतात आणि पोर्टलची मुदत संपत आली की दोष कुणाचा यावर वाद होतो.

दुसरा, वसतिगृहाच्या रकान्यात 'नाही' राहून गेलं. इतक्या एका क्लिकनं ९,५०० चे ६,५०० झाले असते, वर्षाला ३,००० चा तोटा. सुदैवानं लिपिकाच्या लक्षात आलं आणि त्यानं अर्ज परत पाठवला. तिथंच तिसरा खोळंबा लपला होता: अर्ज परत आल्याचा एसएमएस मुलीला आलाच नाही. नोंदणी करताना केंद्रचालकानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. दिवसाला पन्नास अर्ज भरणाऱ्या माणसाच्या फोनवर तिचा निरोप तीन आठवडे पडून होता.

अर्ज कुणीही भरून देऊ दे, नोंदणीला मोबाइल आपला, ईमेल आपला, पासवर्ड आपल्याच वहीत. आणि मंजुरी येईपर्यंत आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते बघायचं: कॉलेजचा लिपिक, प्राचार्य की समाजकल्याण. कॉलेजच्या पातळीवर महिनाभर हललाच नाही तर तो छाननीत नसतो, पडून असतो. कोल्हापुरात समाजकल्याणचं सहायक आयुक्त कार्यालय विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आहे, पण अर्ज कॉलेजातून पुढं सरकलेलाच नसेल तर तिथं हेलपाटा घालून उपयोग नाही. शाहूवाडीहून एसटीनं येणाऱ्या माणसाची त्या दिवशीची हजेरी बुडते.

कॅपमधून प्रवेश झाला असेल तर 'कॅप' हाच पर्याय निवडावा आणि वाटपपत्र जोडावं. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षात वैध असलेलाच हवा. ३१ मार्च उलटला की जुना दाखला चालत नाही.

पैसे कुठं गेले

मंजुरी आली. राज्याचा वाटा निघाला. केंद्राचे ५३,७०० पोर्टलवर 'दिले' असं दिसायला लागले. घरची माणसं जिल्हा बँकेच्या पासबुकावर दर आठवड्याला नोंद मारून आणत होती. शिल्लक होती तीच. कॉलेजचा तगादा सुरू झाला आणि परीक्षेच्या फॉर्मची वेळ जवळ आली.

बँकेत आईचं आणि काउंटरवरच्या माणसाचं बोलणं साधारण असं झालं:

"आधार जोडलंय की हो साहेब. मागल्याच वर्षी अंगठा दिलाय पोरीनं."

"मावशी, आधार जोडलेलं दिसतंय हितं. पण सरकारचे पैसे आता आमच्याकडं येत न्हाईत. दुसरीकडं कुठं खातं काढलंय का बघा."

त्या माणसानं अगदी बरोबर सांगितलं, फक्त 'दुसरीकडं' म्हणजे कुठं हे त्याच्या पडद्यावर दिसत नव्हतं. खात्याला आधार 'लिंक' असणं ही बँकेची ओळखपडताळणी झाली. सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे ते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीवरून ठरतं, आणि त्या नोंदीत एका आधारसमोर एकच बँक असते: शेवटी ज्या बँकेसाठी संमती दिली ती. यालाच सीडिंग म्हणतात. 'लिंक' दहा खात्यांना असू शकतं, सीडिंग एकालाच.

आणि दुसरीकडं खातं होतंच. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजनेसाठी गावोगाव पोस्टात खाती उघडायला झुंबड उडाली होती. आईबरोबर मुलगीही गेली होती. २१ वर्षं पूर्ण नसल्यानं योजनेत ती बसत नव्हती, पण "खातं असू दे, कामाला येतंय" म्हणून तिचंही पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं गेलं. अंगठा दिला, संमती झाली, सीडिंग तिकडं सरकलं. ५३,७०० रुपये चार महिने त्या खात्यात सुरक्षित पडून होते. कार्ड घरात धान्याच्या पत्र्याच्या डब्यात होतं.

हे शोधायला दोन मिनिटं लागतात. आधार प्राधिकरणाच्या 'माय आधार' संकेतस्थळावर ओटीपीनं लॉगिन करायचं आणि बँक सीडिंगची स्थिती उघडायची. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद ते तिथं दिसतं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा मंजुरी आल्यावर असं दोनदा ते बघून स्क्रीनशॉट ठेवावा. मधल्या काळात नवं खातं उघडायचंच असेल तर फॉर्मवरचा 'डीबीटी (सरकारी पैशांची थेट जमा) या खात्यात हवी' हा चौकोन वाचून मगच अंगठा द्यावा.

ती रक्कम सापडली आणि ४८,००० कॉलेजात भरून पावती घेतली. इथंच प्रकरण मिटायला हवं होतं. पण घरच्यांना पोस्टाच्या खात्याचा धसका बसला आणि त्यांनी सीडिंग पुन्हा जुन्या खात्यावर आणलं. ते खातं शाळेत असताना आईच्या पालकत्वाखाली उघडलेलं, म्हणजे अज्ञान व्यक्तीचं. मुलगी १८ वर्षांची झाली की असं खातं सज्ञान म्हणून रूपांतरित करावं लागतं: नवी सही, फोटो, केवायसी. ते झालं नाही की बँक व्यवहार रोखते. दुसऱ्या वर्षीचा केंद्राचा वाटा या खात्यावर आला आणि तसाच परत गेला.

याच प्रकारची आणखी एक अडचण ठाऊक असावी. पुरेशी कागदपत्रं न देता उघडलेल्या 'छोट्या खात्या'ला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं मर्यादा असतात: शिल्लक ५०,००० पर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, महिन्याला काढता येतात १०,०००. सरकारी अनुदान जमा होताना शिल्लकेची मर्यादा लागू होत नाही, पण कॉलेजचे ४८,००० अशा खात्यातून एकदम काढता येत नाहीत. बँकेत जाऊन थेट विचारावं, "हे खातं पूर्ण केवायसीचं आहे का, सज्ञान आहे का, चालू आहे का?" तिन्हींची उत्तरं 'हो' आली तरच सीडिंग तिकडं न्यावं.

दुसऱ्या वर्षी काय केलं

आधी खातं सज्ञान करून घेतलं, पूर्ण केवायसीसह. मग त्याच शाखेत सीडिंगचा संमतीफॉर्म पुन्हा दिला आणि चार दिवसांनी स्थिती तपासली. त्यानंतर कॉलेजमार्फत समाजकल्याण कार्यालयाला अर्ज दिला. त्यात अर्ज क्रमांक, शैक्षणिक वर्ष, परत गेलेल्या रकमेचा पोर्टलवरचा स्क्रीनशॉट, नव्या सीडिंग स्थितीचा स्क्रीनशॉट आणि पासबुकाचं पहिलं पान. नुसतं 'पैसे आले नाहीत' लिहून दिलं तर टेबलावरच्या माणसाला काहीच करता येत नाही. परत गेलेला व्यवहार पुन्हा पाठवायला त्याला अर्ज क्रमांक आणि परतीचं कारण लागतं.

नूतनीकरण दरवर्षी नव्यानं करावं लागतं. पहिल्या वर्षी मंजुरी मिळाली म्हणजे चारही वर्षांचं झालं, हा समज फार महागात पडतो. हजेरीही लक्षात ठेवावी. शिष्यवृत्तीला ७५ टक्के लागते, पण भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानं परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक प्रत्येकी ८० टक्के, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयातली, ड्यूटी शंभर टक्के पूर्ण. आजारपणात बुडालेल्या ड्यूट्या सुट्टीत भराव्या लागतात, त्यामुळे सुट्टीतल्या कमाईवर हिशोब बांधू नये.

शिष्यवृत्ती जिथं पोहोचत नाही

अनामत रक्कम, मेस, गणवेश, बूट, बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, जर्नल्स, क्लिनिकलला जायचा प्रवास. मनोरुग्ण परिचर्येची पोस्टिंग जिल्ह्याबाहेर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात लागली तर राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. ९,५०० चा भत्ता यात कुठल्या कुठं विरघळतो.

तिच्या घरात एक वाट होती आणि ती कुणाला सुचली नव्हती. वडील सेंट्रिंग कामगार. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. अट अशी की मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा आणि नोंदणी चालू हवी. वडिलांनी एकदा नोंदणी केली होती, भांडी मिळाली आणि कार्ड विसरलं. नूतनीकरण न केल्यानं ती बंद पडली होती. नोंदणी पुन्हा जिवंत केल्यावरच अर्ज करता आला आणि एक वर्ष हातचं गेलं.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मागच्या परीक्षेत ५० टक्के गुण लागतात आणि विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी असून चालत नाही. तिला बारावीत ४६ टक्के होते, म्हणून ही वाट बंद.

शैक्षणिक कर्ज हा पर्याय मेस आणि राहण्याच्या खर्चापुरताच वापरावा. ४ लाखांपर्यंत तारण आणि स्वतःचा हिस्सा लागत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचं व्याज सरकार भरतं. नर्सिंगसाठी कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता असणं ही त्यातली अट, तेव्हा तो कागद आधी मागून घ्यावा.

तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुली

एक इतर मागासवर्गातली, दुसरी आर्थिक दुर्बल घटकातली. दोघींच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं अशा मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी मिळायची. दोन अटी इथं घात करतात: प्रवेश कॅपमधूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. कोल्हापूर परिसरात अभिमत विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश घेऊन मग 'मुलींना मोफत' म्हणून कागद घेऊन येणारे पालक भेटतात, तेव्हा सांगायला जड जातं. पसंतीक्रम भरतानाच हे बघायला हवं होतं.

आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलीची योजना राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची. ज्या राजानं २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं केलं, त्याच्याच गावात एखाद्या मुलीचं वर्ष चुकीच्या खात्यामुळे अडावं, हे मनाला लागतं.

शाहूवाडीच्या मुलीची दुसऱ्या वर्षीची रक्कम पुन्हा पाठवली गेली आणि या वेळी योग्य खात्यात आली. ४८,००० ची पावती तिनं त्याच दिवशी घेतली. हमीपत्राची प्रत मागून त्यावर 'दोन्ही वर्षांची फी जमा' असं लिपिकाच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घेतलं, आणि तिसऱ्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तलाठ्याकडे जायचं आहे, हे आईनं कॅलेंडरवर पेनानं गोल करून ठेवलं.